हरकत घेणारे आणि न घेणारे

पुणे महापालिकेने आपल्या जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आणि कायद्याप्रमाणे हरकती-सूचना मागवल्या. मुदत संपेपर्यंत आलेल्या अर्जांची संख्या ८५ हजारांच्या पुढे गेली होती. पुणेकरांना हरकत घेण्याची हौस आहे असे म्हणून हा आकडा हसण्यावारी नेता येईल. पण जरा हिशेब मांडून पाहा. प्रत्येक अर्जाला फक्त दोन मिनिटे दिली आणि सुनावणी रोज आठ तास चालवली, तरी हे काम ३५० दिवसांहून अधिक चालते, तेही रविवार आणि दिवाळी न धरता. दोन मिनिटांत अर्जदाराचे नाव, सर्व्हे नंबर आणि ‘साहेब, आमचं म्हणणं असं आहे की’ एवढेच होते.

पुढे काय झाले तेही नोंदवण्यासारखे आहे. २०१५ साली राज्य सरकारने हा आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला, अधिकाऱ्यांची त्रिसदस्यीय समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. आराखडा होता २००७ ते २०२७ या काळाचा. म्हणजे मंजुरीची शाई वाळेपर्यंत वीसपैकी दहा वर्षे सरली होती.

रस्ते, सायकल मार्ग, बसचे मार्ग, नदीकाठ, जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास या सगळ्यात ‘लोकांना विचारणे’ हा टप्पा आता सर्वमान्य झाला आहे. तो नको असे कोणी उघडपणे म्हणत नाही. प्रश्न असतो तो कोणाला, काय आणि मुख्य म्हणजे कधी विचारले याचा. माझ्या मते आपल्याकडचे बहुतेक विचारणे फार उशिरा होते. उशिरा विचारले की उत्तर द्यायला ठरावीक माणसेच येतात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळे करायचे ते त्यांत जवळपास नसतातच.

आधी कायदा पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्यानुसार महापालिका प्रथम आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते, मग शहरातली जमीन आज कशी वापरली जाते त्याचा नकाशा बनवते आणि त्यावरून प्रारूप आराखडा काढते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ खाली नागरिकांना हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, मुंबईला ६०. कलम २८ खालची नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले, नगररचनेची जाण असलेले जास्तीत जास्त चार. समितीच्या अहवालानंतर आराखडा महापालिकेच्या सभेपुढे, तिथून राज्य शासनाकडे. शासनाने मंजूर करताना मोठे फेरबदल केले तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवायच्या. कागदावर ही साखळी चांगलीच भक्कम आहे. १९६६ साली असा हक्क लिहून देणे ही काही लहान गोष्ट नव्हती.

उणीव आहे ती क्रमात. नागरिक या साखळीत येतो तो प्रारूप तयार झाल्यावर. तोपर्यंत रस्त्याची रुंदी ठरलेली असते, बागेचे आरक्षण कुठल्या भूखंडावर टाकायचे ते ठरलेले असते, नकाशात रंग भरलेले असतात. या टप्प्यावर माणूस एकच करू शकतो : आपल्या घरावरून गेलेली रेघ शोधायची आणि ती तिथून हलवा म्हणायचे. कायदा दोन्ही शब्द वापरतो, हरकती आणि सूचना. प्रत्यक्षात येतात त्या जवळपास सगळ्या हरकतीच. आणि रेघ हलवायची म्हणजे कुठे? शेजाऱ्याच्या भूखंडावर. मग पुढच्या फेरीत शेजारी हरकत घेतो.

मुंबईत २०१५ साली याचाच मोठा प्रयोग घडला. २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला आणि त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो दुरुस्त करून पुन्हा मांडायला सांगितले. सुधारित प्रारूप आले २०१६ मध्ये, मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. पुणे महानगर प्रदेशाचे उदाहरण तर अधिक ताजे. तिथल्या विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) प्रारूप आराखडा २०२१ मध्ये आला, त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये सरकारने आराखडाच रद्द केला. साठ हजार कुटुंबांनी की संस्थांनी बसून लिहिलेले कागद आता कुठल्या कपाटात आहेत, कोण जाणे. लोकसहभाग अर्जांच्या संख्येवर मोजायचा असेल तर हे आपले सर्वांत यशस्वी आराखडे ठरतील.

आता हरकत कोण घेतो ते पाहू. ज्याच्या जागेवर आरक्षण पडले तो घेतो. त्याने घेतलीच पाहिजे, त्याच्या आयुष्याची पुंजी तिथे अडकलेली असते. ज्याच्या दुकानापुढचे पार्किंग जाणार तो घेतो. ज्या सोसायटीच्या मागून रस्ता जाणार ती घेते, आणि तिच्यात एखादा निवृत्त अभियंता असला तर अर्ज फार मुद्देसूद असतो. या सगळ्यांचे नुकसान ठळक असते, जवळचे असते आणि त्याला पत्ता असतो. फायदा मात्र विखुरलेला असतो. सात वर्षांनी त्या मार्गावरून सायकलने शाळेत जाणारी मुलगी आज बालवाडीत आहे. भाड्याने राहणारा तरुण आज इथे, उद्या हडपसरला. घरकामाला चालत जाणाऱ्या बाईला नोटिशीचा पत्ता नाही, आणि असता तरी कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुनावणीला ती खाडा करून येणार नाही. विरोध करणाऱ्याला रात्री झोप लागत नाही. ज्याचे भले होणार त्याला ते माहीतच नसते. त्यामुळे कुठल्याही सायकल मार्गावर ‘लोकांचे मत’ मागवले की पहिल्या आठवड्यात लोक सायकलच्या विरोधात आहेत असेच चित्र दिसते.

पुण्याला हे चांगले माहीत असायला हवे. कधीकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या या गावात महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे त्यात आखले होते. मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, अभिप्राय घेतले गेले. त्या मानाने ही प्रक्रिया बरीच मोकळी होती. पण तिच्यात एक मेख होती. हा आराखडा १९६६ च्या कायद्याखालचा नव्हे. तो सभेने ठराव करून स्वीकारलेले धोरण आहे. विकास आराखड्यातला रस्ता नकाशावर आला की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बसून राहतो. १९८७ च्या पुण्याच्या आराखड्यातला वर्तुळाकार उच्च क्षमता वाहतूक मार्ग (एचसीएमटीआर) कित्येक दशके कागदावर नांदला, जमीनमालकांना टांगणीला लावून. सायकलच्या जाळ्याला असे काही संरक्षण नाही. कुठल्या रस्त्यावर मार्ग प्रत्यक्ष होणार ते ठरते निविदा निघते तेव्हा, आणि त्या वेळी कोणाला विचारण्याची सोयच नसते. मग विचारपूस रस्त्यावर होते. व्यापारी संघटनेचे शिष्टमंडळ नगरसेवकाला भेटते, नगरसेवक अभियंत्याला फोन करतो, आणि मार्ग दोन चौकांच्या मध्येच संपतो. जो उरतो त्यावर पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्ये विजेचा डीपी, कडेला राडारोडा आणि संध्याकाळी भुर्जीची गाडी. दुचाकीवाले तर सिग्नल चुकवायला तिथूनच जातात.

दुकानदारांची टिंगल करावी असे मला वाटत नाही. गिऱ्हाईक गाडीवरून येते ही त्यांची समजूत आहे आणि त्यांचा माल टेम्पोतून उतरतो हे वास्तव आहे. समजूत तपासता येते. एखाद्या शनिवारी दुकानात आलेल्यांतले किती चालत आले, किती बसने, किती गाडीने, एवढे मोजायला दोन कॉलेजची मुले आणि एक वही पुरते. वास्तवावर उपाय काढता येतो : माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ आणि एक राखीव जागा. पण या दोन्ही गोष्टी आराखडा रंगवण्यापूर्वी दुकानात जाऊन विचारल्या तरच सुचतात. काम सुरू झाल्यावर विचारले तर संवाद जेसीबीच्या समोर होतो.

लंडनमध्येही माणसे हीच असतात. तिथे २०१४ च्या शरद ऋतूत शहराच्या मध्यातून दोन मोठे, वेगळे काढलेले सायकल मार्ग आखण्यात आले, एक पूर्व-पश्चिम आणि एक उत्तर-दक्षिण. वाहतूक प्राधिकरणाने मते मागवली तेव्हा साडेएकवीस हजार प्रतिसाद आले आणि त्यांतले ८४ टक्के योजनेच्या बाजूने होते. वर्तमानपत्रे आणि बड्या कंपन्यांच्या बोलण्यातून मात्र उलटाच समज झाला असता. सायकलवाल्यांच्या संघटनांनी गप्प बसणाऱ्यांना लिहिते केले, हे त्यामागचे कारण. पुढच्याच वर्षी ईशान्य लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागात गल्लीबोळांतून गाड्यांची ये-जा बंद करणाऱ्या योजनेविरुद्ध लोक शवपेटी खांद्यावर घेऊन रस्त्यावर उतरले होते. रस्ता मेला, असा त्यांचा दावा. त्या भागातले तेच रस्ते आज ब्रिटनभर नमुना म्हणून दाखवले जातात.

तिथल्या कायद्यातली एक सोय मला फार मोलाची वाटते. वाहतुकीतला बदल प्रायोगिक आदेशाने जास्तीत जास्त १८ महिन्यांसाठी करता येतो आणि हरकती घेण्याची मुदत पहिल्या सहा महिन्यांची असते. बदल आधी, मत नंतर. ऐकायला हे उलटे वाटेल, आणि त्याचा गैरवापरही होऊ शकतो. करोनाच्या काळात घाईघाईने केलेल्या बदलांवर तिथे पुष्कळ बोंब झाली. पण नकाशावरची रेघ वाचता न येणाऱ्याला सहा महिने त्या रस्त्यावरून चालून पाहता येते. मग तो जे सांगतो ते अनुभवाचे असते. रिक्षा दारापर्यंत येत नाही, रुग्णवाहिकेला वळसा पडतो, मुलांना मात्र खेळायला जागा झाली. हे तीस दिवसांत टेबलाशी बसून लिहिता येत नाही.

ब्रिटनच्या न्यायालयांनी विचारण्याची पद्धतही नेमकी करून ठेवली आहे. १९८५ साली लंडनच्या ब्रेंट भागातल्या शाळांबाबतच्या एका खटल्यात, पुढे न्यायाधीश झालेले वकील स्टीफन सेडली यांनी चार कसोट्या मांडल्या आणि न्यायालयाने त्या मान्य केल्या. निर्णय अजून घडत असतानाच विचारावे. प्रस्तावामागची कारणे पुरेशी सांगावीत. लोकांना विचार करायला पुरेसा वेळ द्यावा. आणि आलेल्या मतांचा निर्णय घेताना प्रामाणिकपणे विचार करावा. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हॅरिंगे कौन्सिलच्या प्रकरणात त्यांवर शिक्कामोर्तब करताना सुनावले की, तुम्ही ज्या पर्यायांवर फुली मारली तेही लोकांपुढे ठेवायला हवे होते. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कधीच होत नाही. उड्डाणपूल हवा की नको असे विचारले जाते. उड्डाणपुलाच्या पैशात किती बस आल्या असत्या हे त्या कागदावर नसते.

आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. पुण्याची वाहतूक पोलीस शाखा एकेरी वाहतूक किंवा नो-पार्किंगचे आदेश काढते तेव्हा पुष्कळदा ते तात्पुरत्या स्वरूपाचे असतात आणि अमुक तारखेपर्यंत लेखी हरकती कळवा असे त्यात म्हटलेले असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि बहुतेकांना त्या आदेशाची खबर लागते ती गाडी टोइंगवाल्यांनी उचलल्यावर. प्रायोगिक आदेशाची चौकट हीच; कमी आहे ती प्रयोगाआधी आणि नंतर मोजण्याची आणि मोजलेले जाहीर करण्याची. लक्ष्मी रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद ठेवण्याची प्रथा २०२१ पासून पडली आहे. लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉर्न. एका दिवसाचा प्रयोग हा उत्सव होतो. तो तीन महिने चालवा आणि दुकानांचा गल्ला, बसचा वेळ, हवेची नोंद असे सगळे मोजा, मग हरकती मागवा.

गोव्याने याहून मोठी गोष्ट करून दाखवली आहे. २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी रस्त्यावर उतरून, गोवा बचाव अभियानाच्या झेंड्याखाली, जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यायला लावला. त्यानंतर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या कृतिदलाने २०२१ चा आराखडा करताना पंचायतवार नकाशे गावांकडे पाठवले. ग्रामसभांत ते पसरले गेले. कुठले शेत खाजन आहे, झर कुठे आहे, पावसाचे पाणी कुठून वाहते, हे उपग्रहाला न दिसणारे तपशील त्यावर लोकांनी टिपले. काम अर्थातच वादाशिवाय झाले नाही, आणि २०१२ मध्ये नव्या सरकारने आराखडा स्थगित ठेवल्यावर ते वर्षानुवर्षे लटकले. पण सामान्य माणसाला नकाशा कळत नाही या सबबीतली हवा त्या ग्रामसभांनी काढून घेतली. आपल्या पाणंदीची रेघ माणसाला बरोबर कळते, मोजपट्टी त्याच्या पायात असते. आता तिथल्या नगरनियोजन कायद्यात २०२४ साली आलेल्या कलम ३९अ खाली एकेका भूखंडाचा झोन बदलता येतो. लोकांना मिळतात पुन्हा तेच ३० दिवस, तेही एकेका तुकड्यासाठी सुटेसुटे.

महाराष्ट्रातल्या शहरांत ग्रामसभेची जागा भरून काढण्यासाठी २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. ती भरलेली पाहिलेला नागरिक भेटला तर त्याचा सत्कार करावा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक नावाचा उपक्रम आहे. त्यात फूटपाथ, दिवा, बाक, बसथांबा असे पाच लाखांपर्यंतचे काम सुचवता येते. उपक्रम चांगला आहे. पण पाच लाखांच्या बाकाबद्दल वर्षातून एकदा विचारायचे आणि शेकडो कोटींच्या पुलाबद्दल निविदेनंतर सांगायचे, ही वाटणी मला कधी पटलेली नाही. त्यात मार्च २०२२ नंतर राज्यातल्या मोठ्या महापालिकांत वर्षानुवर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकच प्रस्ताव मांडणार, प्रशासकच मंजूर करणार, आणि हरकत पाठवायची तीही त्यांच्याच नावाने.

गंमत म्हणजे लोकांना नीट कसे विचारावे हे आपल्या सरकारला ठाऊक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीचा पुनर्विकास करायचा तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालच्या शासन निर्णयाप्रमाणे चालावे लागते. आधी विशेष सर्वसाधारण सभा, गणपूर्ती दोन तृतीयांश, वास्तुविशारदाची नेमणूक, व्यवहार्यता अहवाल प्रत्येक सदस्याच्या हातात, त्यावर सूचना मागवायच्या आणि मगच निविदा. विकासक निवडायच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी हजर, सभेचे चित्रीकरण, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर किमान ५१ टक्के सदस्यांची संमती. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीसाठी एवढी काळजी घेतली जाते. वर उल्लेखलेल्या चारही ब्रिटिश कसोट्या इथे जवळजवळ जशाच्या तशा सापडतात, त्याही कुठल्या इंग्रज न्यायाधीशाला न विचारता. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ विकासाला हे लागू नाही. तिथे नदी कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही.

मग सध्याच्या चौकटीत नागरिकाने काय करावे? पहिले म्हणजे प्रारूप आराखड्याची वाट पाहू नये. इरादा जाहीर झाल्यापासून प्रारूप येईपर्यंत मध्ये बराच काळ जातो, आणि आजच्या जमीनवापराचा नकाशा त्याच काळात बनतो. मुंबईत २०३४ च्या आराखड्याच्या वेळी स्वयंसेवी संस्थांनी याच टप्प्यावर वस्त्यावस्त्यांत नकाशे नेऊन चुका दाखवल्या होत्या. झोपडपट्टी, मंडई, कोळीवाडा आजच्या नकाशातच नसेल तर उद्याच्या नकाशात त्यावर रस्ता पडणे ओघाने आलेच.

हरकत लिहिताना एका अर्जात एकच मुद्दा ठेवावा. नकाशाचा पत्रक क्रमांक, सेक्टर, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक हे वर लिहावे, कारण समितीपुढे अर्ज त्याच क्रमाने लागतात. ‘आमचा विरोध आहे’ याच्या पुढे एक ओळ हवी, त्याऐवजी काय करावे याची. शक्य तर नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनने आखून. छापील अर्जावर पाचशे सह्या घेण्यापेक्षा पन्नास जणांनी आपापला अनुभव लिहिलेला बरा. गठ्ठ्याने आलेले एकसारखे अर्ज एकच हरकत म्हणून निकाली निघतात, आणि तसे करणाऱ्या अधिकाऱ्याला फारसा दोष देता येत नाही. एखाद्या मार्गाचा फायदा होणार असेल तर तेही लिहून द्यावे. बाजूने लिहू नये असे कायदा कुठेच म्हणत नाही. आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यावा, कारण सुनावणीचे पत्र न आल्यास विचारायला जाताना हातात तेवढाच कागद असतो.